अप्पांच्या नावाचा मासा

कुंभकोणमला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी समुद्रातल्या माशांवर काम करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "तिकडे समुद्र आहे होय?" नाही बाबा. कावेरी आहे, तीही वरून पाणी सोडलं तर. प्रवाळाचा समुद्र बघायचा तर मला मंडपमला जावं लागतं, सहा-सात तास गाडीत कंबर मोडून घेत. मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तीस वर्षं झाली. गल्लीत मला 'मासेवाले सार' म्हणतात, आणि आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही.

घरात आम्ही मराठी बोलतो. मराठ्यांच्या राज्यात आमचे कोण पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो, मग 'किती जुनी, किती गोड' म्हणतो, आणि मला दोन्हींचा सारखाच राग येतो. म्हणून आईचं आणि अप्पांचं बोलणं इथे तुम्हाला कळेल अशा मराठीत लिहितोय. ते असं बोलायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

तर मासा. तो मिळाला कचऱ्यात. मंडपमच्या किनाऱ्यावर जाळी रिकामी करतात तेव्हा मोठी मासळी एकीकडे जाते आणि उरलेल्या चुऱ्याचा ढीग होतो. तो वाळवून कोंबड्यांच्या खाद्याला देतात. त्या ढिगाशी बसून निवडणारी एक बाई मला वर्षानुवर्षं ओळखते. काही वेगळं दिसलं की बाजूला काढून ठेवते, आणि मी गेलो की टोमणा मारल्याशिवाय देत नाही. त्या दिवशी म्हणाली, "हा घ्या सार. तुमच्यासारखाच आहे, कुणाच्या कामाचा नाही."

करंगळीएवढा मासा. लालसर अंग, डोळ्यातून मागे गेलेली एक रेघ आणि शेपटीच्या बुडाशी एक ठिपका. पण तो ठिपका रेघेच्या खाली. या खाली असण्यातच सगळा घोळ होता. या माशाच्या कुळातल्या मला ठाऊक असलेल्या जातींचा ठिपका एक तर नेमका रेघेवर असतो, नाहीतर नसतोच. मी उन्हात त्या बाईशेजारी उकिडवा बसून भिंगातून बघत राहिलो आणि 'खाली आहे, खाली आहे' असं पुटपुटायला लागलो. बाई म्हणाली, "ऊन लागलं वाटतं. पाणी प्या."

पुढच्या वर्ष-दीड वर्षात आणखी नऊ मिळाले. त्या सगळ्यांचा ठिपका खालीच.

नवी जात सापडली असं नुसतं म्हणून चालत नाही. तिचं वर्णन करावं लागतं, म्हणजे पोहायच्या परांमधले काटे किती, अंगावरच्या रांगेत खवले किती, कल्ल्यातले दात किती, डोकं डोळ्याच्या किती पट. मग ती जात ज्ञात जातींपेक्षा कशी निराळी आहे ते सिद्ध करायचं, एक मुख्य नमुना संग्रहालयात ठेवायचा, आणि सगळं छापून आणायचं. त्यात नाव असलंच पाहिजे. नाव नाही तर जात नाही. आणि ज्याचं आधी छापलं त्याचं नाव चालतं, दुसऱ्याचं मोडीत निघतं. नियम साधा आहे. मी तो दर वर्षी पोरांना शिकवतो.

आमच्या घरात मासा तिण्णैच्या आत येत नाही. तिण्णै म्हणजे रस्त्याकडेचा ओटा. तिथे एका टोकाला माझं टेबल, मायक्रोस्कोप, बरण्या. कॉलेजातला मायक्रोस्कोप इतका धूसर की त्याच्यातून खवला आणि तांदूळ एकच दिसतो, म्हणून स्वतःचा घेतला. काम संपलं की परसातून जायचं, विहिरीवर अंघोळ करायची, मगच उंबरा ओलांडायचा. हा आईचा कायदा. माझं लग्न झाल्यावर बायकोने तो एका दिवसात पाठ केला आणि मला रोज बजावायला लागली.

अप्पा निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं नाकाला उपरणं लावून तिण्णैच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. ते एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. पंचांग छापणारा छापखाना. तिथी, नक्षत्रं, घटिका, पळं, सगळे आकडेच आकडे. एक आकडा चुकला तर कुणाचं तरी लग्न चुकायचं, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांना काही काम उरलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नजर तर आणखीच लख्ख झाली. मग एके दिवशी मी या नव्या माशाच्या रांगेतले खवले सुई टेकवत मोठ्याने मोजत असताना मागून आवाज आला, "चुकलास."

मी पंचवीस म्हणत होतो. ते चोवीस म्हणाले. मी चिडलो. तीस वर्षं हेच करतोय मी, आणि हे पाच हातांवरून, नाकाला उपरणं लावून सांगणार! पुन्हा मोजले. चोवीस. मी एक मोडलेला खवला दोनदा धरला होता.

त्या दिवसापासून अप्पांनी खुर्ची जवळ ओढली. उपरणं नाकावरून खांद्यावर गेलं. ते मायक्रोस्कोपला डोळा लावायचे, हातात सुई घ्यायचे आणि पुटपुटत मोजायचे. मग कोऱ्या कागदावर आकडा लिहून त्यावर दुसरा कागद झाकायचे आणि मला मोजायला लावायचे. दोघांचे आकडे जुळले तरच तो आकडा पक्का. "प्रुफं अशीच तपासतात," म्हणायचे. मग दोघं ओळीने विहिरीवर. आई परसदारी उभी राहून आम्हाला दोघांना शिव्या घालायची. "एक होता ते पुरे नव्हतं, आता म्हाताराही लागला मासे चिवडायला! गोविंदपुरमला भजनाला जाता आणि आल्यावर हे!" अप्पा डोक्यावर तांब्या ओतत म्हणायचे, "अगं, पहिला अवतार कुठला ते आठव."

रंगाचं काम मात्र आईनेच केलं, तिला न कळत. या माशांचा रंग स्पिरिटमध्ये पडला की दोन दिवसांत उडतो, उरतो फिक्कट पिवळा सांगाडा. म्हणून ताजेपणी फोटो काढायचा आणि रंग शब्दांत लिहून ठेवायचा. मी 'तांबूस-तपकिरी' लिहून अडलो होतो. आईला मोबाईलवरचा फोटो दाखवला, मासा आहे हे न सांगता, नुसता अंगाचा तुकडा मोठा करून. ती म्हणाली, "अरक्कु. तुझ्या आत्याच्या शालूचा." इथे रेशमाच्या दुकानात लाखेच्या त्या लालीला अरक्कु म्हणतात. अगदी बरोबर होतं. मग मासा आहे म्हणून सांगितलं तेव्हा तिने मोबाईल ओल्या फडक्याने पुसला.

आता मुख्य गोष्ट. नऊंपैकी एकाच्या तोंडात काहीतरी भरलेलं होतं. मला वाटलं शेवटचं भक्ष्य असेल. जबडा हळूच उघडला तर आत अंड्यांचा गोळा, खसखशीसारखा. या कुळात तसंच असतं. मादी अंडी घालते आणि निघून जाते, नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. मला ते पुस्तकात माहीत होतं. अप्पांना माहीत नव्हतं. ते मायक्रोस्कोपमधून किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा बाप आहे. आणि उपाशी आहे." आणि पुन्हा बघत बसले.

आम्हाला मूल झालं नाही. त्याचं वर्णन करत बसत नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग एका वयानंतर लोक विचारायचे थांबले. पण आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. अप्पांचं नाव त्यांच्या आजोबांचं होतं. माझं अप्पांच्या वडलांचं. ही साखळी माझ्यापाशी येऊन तुटली, आणि आई ते कधी तोंडाने बोलली नाही, पण कुणाच्या बारशाहून परत आली की दोन दिवस गप्प असायची. मला ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा जड जायचं.

अंडी दिसली त्या दिवशी संध्याकाळी मी अप्पांना म्हणालो, "या माशाला तुमचं नाव देणार आहे."

ते एकदम भडकले. "मला? जन्मात मासळी बाजाराच्या गल्लीतून न गेलेल्या माणसाचं नाव माशाला? मरुदानल्लूरच्या भजनमठातले लोक काय म्हणतील? अक्कल गहाण ठेवलीस काय?" त्या रात्री ते जेवून तडक झोपायला गेले. सकाळी मी तिण्णैवर आलो तर प्रुफाच्या जुन्या कागदाच्या पाठीवर त्यांनी स्वतःचं नाव इंग्रजी लिपीत पाच-सहा प्रकारे लिहून बघितलं होतं. मला विचारलं, "हे किती वर्षं राहतं?"

"काय?"

"नाव."

मी म्हणालो, "माणसं मासे मोजतील तोवर."

आईला मग त्यांनीच सांगितलं. आई आधी तोंडावर पदर घेऊन हसली. मग तिचे डोळे भरले. मग उठून सरळ तिण्णैवर आली, जिथे ती मासे असताना कधी येत नसे, आणि लांबून बरणीकडे बघून म्हणाली, "एवढासा?" बस, त्या दिवसापासून तिच्या तोंडी तो मासा नव्हता, नातू होता. शेजारणींना सांगायची, "आमच्या नातवाचं काम कॉम्प्युटरवर चाललंय."

पोंगल झाला आणि आठ दिवसांनी अप्पा गेले. दुपारी कॉफी पिऊन पडले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, भाग्यवान. असतील.

लेख तेव्हा जवळजवळ झालेला होता. किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत माझा जुना वर्गमित्र आहे, त्याने डीएनए तपासून दिला होता. मुख्य नमुना संग्रहालयात गेला होता, त्याचा क्रमांकही आला होता. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी त्या संध्याकाळी टेबलाशी बसलो. मला वाटलं, आता हे एकच काम करायचं राहिलंय. शीर्षकात नाव घालायचं आणि पाठवून द्यायचं. आईने विचारलं, काय करतोस? मी सांगितलं.

ती म्हणाली, "आज?"

"हो."

"वर्ष सरायच्या आत बारसं?"

मी हसलो. हसायला नको होतं. म्हणालो, "आई, मासा आहे तो."

"मासा असू दे नाहीतर हत्ती असू दे. तूच म्हणालास ना, नाव ठेवायचंय म्हणून? ज्या घरात बापाचं वर्ष चाललंय तिथे मंगलकार्य करतात का कुणी? देवाला जात नाही आपण, सण करत नाही, गोड करत नाही. आणि एवढं एक नाव, पुढे चालायचं एकच नाव, ते अशुभ वेळी ठेवतोस? ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे मुहूर्त बिनचूक छापले त्यांच्या नावाला मुहूर्त नको?"

बायको आतून म्हणाली, "अहो, जगाला काय ठाऊक तुमचं वर्ष चाललंय ते? मासा काय सोवळ्यात बसलाय? पाठवून द्या." ती शहाणी आहे. शहाण्यांचं आमच्या घरात कुणी ऐकत नाही.

मी ऐकलं आईचं. का? हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मी शास्त्राचा माणूस, मुहूर्तावर माझा काडीचा विश्वास नाही. पण तिचा नवरा जाऊन तेरा दिवस झाले होते आणि ती माझ्याकडे एकच गोष्ट मागत होती. आणि खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतं की नातवाचं नाव नीट ठेवावं. वर्ष काय, बघता बघता जाईल. इतकी हजारो वर्षं तो मासा त्या खडकांत निनावी राहिला, आणखी एक वर्ष राहील. कोण येतंय त्याला नाव द्यायला?

दर महिन्याला अप्पांच्या तिथीला मासिक श्राद्ध व्हायचं. पौरोहित्याला साक्कोट्टैहून एक शास्त्री यायचे. तिसऱ्या मासिकाला मी धीर करून त्यांना विचारलं की माशाला नाव ठेवणं हे मंगलकार्यात धरतात का. मला वाटलं, तोडगा काढतील. प्रत्येक गोष्टीला तोडगा असतो त्यांच्याकडे. त्यांनी पान खात बराच विचार केला. म्हणाले, "शास्त्रात माशाचा उल्लेख नाही. तुमच्या आईंच्या मनाला बरं वाटेल तसं करा." गेले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी दर्भाची पवित्री बोटात घालून.

मित्र फोन करायचा. "काय रे, पाठवलंस?" मी म्हणायचो, एक मापन पुन्हा तपासतोय. पुढच्या महिन्यात म्हणायचो, चित्र बदलतोय. त्याला खरं सांगायची लाज वाटायची. काय सांगणार? आई मुहूर्त बघतेय? सहाव्या महिन्यात तो वैतागून म्हणाला, "तू तपासतोस तरी किती? समुद्र आटेल!" मी खोटंच हसलो.

एकदा ठरवलं की गुपचूप पाठवायचं. छापून यायलाही महिने लागतातच; तोवर वर्ष होईल, आईला कळणारही नाही. आई शेजारणीकडे गेली होती, बायको अंगणात होती. लेख उघडला. शीर्षकात नावाची जागा कोरी होती, तिथे अप्पांचं नाव टाइप केलं. बोट बटणावर. आणि होईना. आई परत येईल, 'काय केलंस दिवसभर' विचारेल, आणि तिच्या तोंडावर खोटं बोलावं लागेल, हे काही मला जमेना. छप्पन्न वर्षांचा घोडा मी. नाव खोडलं आणि कॉम्प्युटर बंद केला. आता वाटतं, त्या दिवशी एक खोटं बोललो असतो तर फार स्वस्तात सुटलो असतो.

मार्गळीचा, पोंगलच्या आधीचा, महिना होता. गल्लीत दारोदारी कोलमच्या रांगोळ्या, पहाटेपासून भजनं. मी प्रॅक्टिकल घेत होतो, पोरं झुरळं कापत होती. मित्राचा फोन आला. तो नेहमी शिव्या देऊन सुरुवात करतो. त्या दिवशी शिवी दिली नाही, म्हणून मला आधीच कळलं.

म्हणाला, "एक लेख पाठवलाय. बसून वाच."

सामुद्रधुनीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या चौघांचा लेख होता. माझ्यासारखेच, कुठल्या तरी लहान कॉलेजातले. त्यांच्याही बाजूला तेच खडक, तेच पाणी. त्यांना दोन वर्षांपूर्वी बुड्या मारताना मासा दिसला होता. फोटो फार सुरेख होता. जिवंत, खडकाच्या सावलीत, लाखेचा तो लाल रंग जसाच्या तसा. मी तक्त्याकडे गेलो. काटे तेच. कल्ल्यातले दात तेच. रांगेतले खवले चोवीस.

चोवीस. मी त्या आकड्यावर बोट ठेवून बसलो. एका पोराने विचारलं, "सार, झुरळाची आतडी कुठून सुरू होतात?" मी त्याच्यावर इतका खेकसलो की सगळा वर्ग थिजला. बिचाऱ्याचा काय दोष.

नाव त्यांनी ठिपक्यावरून ठेवलं होतं. 'खाली ठिपका असलेला', असा अर्थ. चांगलं नाव आहे. मीही दुसरं कुणी असतो तर हेच ठेवलं असतं. शेवटी त्यांनी कोळ्यांचे आभार मानले होते, घरच्यांचे मानले होते. एका शब्दात खोट काढता येईना. मी काढायला बघत होतो, कबूल करतो. तीनदा वाचला तो लेख, की कुठे तरी काटा चुकला असेल, आपला मासा निराळा निघेल. मित्राने त्यांचा डीएनए माझ्या माशाच्या डीएनएशी ताडून बघितला. रात्री मेसेज आला: तोच.

चोर असता तर भांडलो असतो. पण कुणावर ओरडायचं? त्यांना माझ्या अस्तित्वाची कल्पनाही नव्हती. आईवर? तिने काय केलं, नवऱ्याचं वर्ष पाळलं. बायकोवर तर नाहीच, तिने सांगितलंच होतं. ती एवढंच म्हणाली, "जेवून घ्या." आणि मग भांडी घासताना मला पाठमोरी होऊन रडली. तिला अप्पांचा फार लळा होता. आणि त्या नावाची साखळी तुटल्याचा दोष सगळ्यांनी इतकी वर्षं मनातल्या मनात कुणाला दिला होता, ते तिला ठाऊक होतं. या माशाने तिचीही सुटका होणार होती. ते मला त्या रात्री, इतक्या उशिरा कळलं.

आता माझ्या हातात काही नव्हतं. अर्ज नाही, अपील नाही. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. मी लेख आजही पाठवला आणि कुणी चुकून छापलाच, तरी अप्पांचं नाव दुसऱ्याच्या नावाखाली बारीक टाइपात येईल, 'हेही तेच' म्हणून. मोडीत निघालेलं नाव.

आम्ही दोघांनी ठरवलं, वर्षश्राद्ध होईपर्यंत आईला सांगायचं नाही. महिनाभराचा तर प्रश्न. एकदा श्राद्ध पार पडलं की मी शांतपणे बसवून सांगेन. तिला समजावेन की यात कुणाची चूक नाही. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

श्राद्ध झालं. शास्त्री जेवून गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर आई आधीच न्हाऊन नवं लुगडं नेसून बसलेली. समोर पंचांग. वर्षभर न केलेलं पायसम चुलीवर. म्हणाली, "नऊच्या पुढे वेळ उत्तम आहे. मीच काढली, शास्त्र्याला विचारलं नाही. तिण्णैवर चल."

मी म्हणालो, "आई, थोडं बोलायचं होतं."

"नंतर बोल. वेळ टळेल."

तिने हातात पितळी ताट घेतलं होतं, त्यात तांदूळ पसरले होते. वर्षभरात ती निम्मी झाली होती, चालताना भिंतीला हात लावते. ती उंबरा ओलांडून तिण्णैवर आली आणि सरळ माझ्या टेबलाशी, बरणीला खेटून बसली. अंघोळ केलेली, सोवळ्यातली. तिने बरणीच्या झाकणावर हळदीचं बोट लावलं. आतला मासा पांढराफटक, वाकलेला. "रंग गेला रे याचा," म्हणाली, "असू दे." मग स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या हातात दिली. आमच्याकडे बाप तांदळात सोन्याने नाव लिहितो.

"लिही."

मी बायकोकडे बघितलं. ती दाराशी उभी होती. तिने मान हलवली, पण हो म्हणून की नको म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. मी तोंड उघडलं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना. आईचे दोन्ही हात ताटाच्या कडेवर होते आणि ती ताटाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी अप्पांचं नाव लिहिलं.

आईने ते बोटाने, तांदूळ न हलवता, अक्षर अक्षर वरून गिरवलं. मग हात जोडले. बायकोने पायसमची वाटी आणून दिली. आईने ती बरणीसमोर ठेवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बघ, थांबलास म्हणून कसं शुद्ध झालं सगळं. मी अडवलं नसतं तर तेराव्यालाच नाव ठेवून मोकळा झाला असतास तू."

"झालो असतो," मी म्हणालो.